सॅण्डहर्स्ट रोड स्टेशन: काही महिने रोज गाडी बदलल्यानंतर

मुंबईत शिवडीहून भायखळ्याला कामाला जायला लागल्यापासून रोज सॅण्डहर्स्ट रोडला गाडी बदलतो. हार्बर लाइनच्या वरच्या फलाटावर उतरायचं, जिन्याने खाली यायचं आणि मेन लाइनची स्लो पकडायची. भायखळा पुढचंच स्टेशन. सीएसएमटी या शेवटच्या स्टेशनापर्यंत जाऊन त्या गर्दीतून उलटं यायचा त्रास वाचतो. एवढ्याशा स्टेशनाचा एवढा मोठा उपयोग, पण इथे गाडी बदलता येते हे हार्बरवरच्या कित्येकांच्या लक्षातच येत नाही.

स्टेशन असं दुमजली का, याचा शोध घेतला तेव्हापासून मला ते जास्तच आवडायला लागलं. खालचा मार्ग जुना. १८५३ साली बोरीबंदरहून ठाण्याला पहिली गाडी गेली ती इथूनच. हार्बर १९१० मध्ये सुरू झाली, पण कुर्ल्याहून फक्त रे रोडपर्यंत. पुढे दाट वस्ती आणि मध्ये मेन लाइन, म्हणून रूळ उंचावरून आणावे लागले. ३ फेब्रुवारी १९२५ ला देशातली पहिली विजेवरची गाडी व्हीटीहून (आजच्या सीएसएमटीहून) कुर्ल्याला निघाली, ती याच उंच मार्गावरून. आज वरच्या फलाटावर उभं राहिलं की आजूबाजूच्या इमारतींच्या खिडक्या अगदी समोर येतात, दोरीवरचे कपडेसुद्धा दिसतात. खाली असताना वरून हार्बर गेली, की त्या धडधडाटात फोनवरचं बोलणं थांबवावंच लागतं.

नावाचीही गंमत आहे. लॉर्ड सॅण्डहर्स्ट १८९५ ते १९०० मुंबईचे गव्हर्नर होते. १८९६ च्या प्लेगनंतर, त्यांच्याच काळात, १८९८ मध्ये सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्ट स्थापन झाला आणि कोंदट वस्त्यांतून रुंद रस्ते काढले गेले. त्यातलाच हा सॅण्डहर्स्ट रोड. रस्त्याचं नाव पुढे बदललं, पश्चिमेकडचा भाग आता सरदार वल्लभभाई पटेल मार्ग आहे, स्टेशनावर मात्र जुनंच नाव राहिलं. २०२४ मध्ये विधिमंडळाने ‘डोंगरी’ या नावाचा ठराव मंजूर केला. मला तो पटतो, कारण बाहेर पडल्यावर लोक पत्ता डोंगरीचाच सांगतात.

अडचण जिन्याची. गुडघे दुखत असतील किंवा हातात जड सामान असेल, तर ही अदलाबदल अवघडच. जे. जे. रुग्णालयात येणाऱ्यांनी हे आधी लक्षात घ्यावं. मेन लाइनच्या फास्ट गाड्या इथे थांबत नाहीत. फास्टने येत असाल तर भायखळ्याला उतरून मागची स्लो घ्या.