विंडोज १० दुरुस्त करावं की ११ वर जावं?

विंडोज १० चं मशीन रेंगाळत असेल किंवा अपडेट अडकत असतील, तर आधी दोष कुठे आहे ते पाहा. टास्क मॅनेजरमध्ये (Ctrl+Shift+Esc दाबून उघडतो) ‘डिस्क’ सतत १०० टक्के दिसत असेल आणि आत जुनी फिरती हार्ड डिस्क असेल, तर विंडोज बदलून वेग येणार नाही. डिस्कची तब्येत दाखवणाऱ्या क्रिस्टलडिस्कइन्फो या प्रोग्रॅमने ‘कॉशन’ (सावधान) दाखवलं तर त्याच दिवशी बॅकअप घ्या आणि एसएसडी (फिरते भाग नसलेली वेगवान डिस्क) बसवा. बऱ्याच मशीनचं दुखणं तिथेच संपतं.

डिस्क ठणठणीत असूनही अपडेट अडकत असतील, तर अ‍ॅडमिनिस्ट्रेटर म्हणून कमांड प्रॉम्प्ट उघडून आधी डिझमची ‘रिस्टोअर हेल्थ’ (DISM /Online /Cleanup-Image /RestoreHealth) चालवा, मग विंडोजच्या बिघडलेल्या फायली दुरुस्त करणारी एसएफसी (sfc /scannow). क्रम महत्त्वाचा, कारण एसएफसी ज्या साठ्यातून फायली घेतं तोच डिझम दुरुस्त करतं. पण १० चा नियमित सपोर्ट १४ ऑक्टोबर २०२५ ला संपला. वाढीव सुरक्षा अपडेटसाठी वेगळी नोंदणी लागते. नोंदणी न केलेल्या मशीनवर बँकेचे व्यवहार करूच नका.

११ ला टीपीएम २.० (सुरक्षेच्या किल्ल्या जपणारी चिप), ४ जीबी रॅम, ६४ जीबी जागा लागते, आणि इंटेलचा प्रोसेसर साधारण आठव्या पिढीपासूनचा. ४ जीबी कागदावर पुरते, कामाला ८ हवी. टीपीएम बऱ्याचदा असतं, फक्त बायोसमध्ये (मशीन सुरू होतानाच्या मूळ सेटिंगमध्ये) बंद असतं. इंटेलवर ते पीटीटी, एएमडीवर एफटीपीएम नावाने शोधा. ११ साठी बायोसमधला लेगसी मोड (मशीन सुरू करण्याची जुनी पद्धत) बंद करावा लागतो; पण डिस्कची विभागणी जुन्या एमबीआर पद्धतीची असेल तर ती नव्या जीपीटी पद्धतीची केल्याशिवाय तो बंद करू नका, मशीन सुरूच होणार नाही. डिस्कला कुलूप लावणारं बिटलॉकर चालू असेल तर त्याची रिकव्हरी की आधी कागदावर लिहून ठेवा.

बिघडलेल्या १० वरूनच अपग्रेड केलं तर जुने ड्रायव्हर आणि त्यांचे दोषही सोबत येतात. मशीन पात्र असेल तर बॅकअप घेऊन, डिस्क पुसून ११ कोरं इन्स्टॉल करणं उत्तम.