बेअरबोसाठी रायझर: गिलो जी१

बेअरबो म्हणजे तिरंदाजीतलं बिनसाधनांचं धनुष्य. त्याला साइट (नेम धरायचं साधन) नाही, क्लिकर (बाण पुरता ओढला की टक् वाजणारी पट्टी) नाही, लांब स्टॅबिलायझर (तोल धरणारा दांडा) तर नाहीच. तोल सांभाळायचा तो रायझरनेच, म्हणजे हातात धरायच्या मधल्या भागाने. म्हणून मी २५ इंची गिलो जी१ घेतला. या इटालियन ब्रँडमागे फ्रांजिली बापलेक आहेत. २०१२च्या लंडन ऑलिंपिकमध्ये शेवटच्या बाणावर दहा मारून इटलीला सांघिक सुवर्ण मिळवून देणारा मिकेले, तोच यातला लेक.

हातात घेतल्यावर पहिलं वाक्य, "जड आहे बुवा!" पण बाण सुटल्यावर धनुष्य वर उसळत नाही, हे बघितलं की तक्रार संपते. जास्तीचं वजन ग्रिपच्या खाली हवं, आणि ते लावायची सोय इथे आहे. मात्र वजनं घेताना मोजपट्टी जवळ ठेवा. स्पर्धेत दोरी उतरवलेलं धनुष्य सगळ्या जोडण्यांसकट १२.२ सेंटीमीटरच्या कड्यातून जायलाच हवं. दुकानदार हे सांगत नाहीत. हौसेने फुगीर वजनं घ्याल आणि तपासणीत अडकाल.

आयएलएफ (वेगवेगळ्या कंपन्यांचे भाग एकमेकांना बसवणारी सामाईक जोडणी) असल्याने माझे जुने लिंब्ज, म्हणजे धनुष्याचे वाकणारे हात, लगेच बसले, तेवढा खर्च वाचला. ग्रिप हा ज्याच्या-त्याच्या तळव्याचा प्रश्न, मी माझी घासून घेतली. खांदा कच्चा असेल तर क्लबमधल्या कुणाचा तरी रायझर मागून घ्या, थकेपर्यंत मारून बघा, मगच पैसे काढा.