सेंट अँड्र्यूजचा सतरावा होल: चाराचा नव्हे, पाचाचा हिशेब

स्कॉटलंडमधील सेंट अँड्र्यूजच्या ओल्ड कोर्स या गोल्फ मैदानावर खेळायला मिळणे बऱ्याच अंशी सोडतीवर अवलंबून असते. तरीही मध्यम कुवतीच्या खेळाडूने एवढा खटाटोप करावा का, असे कोणी विचारले, तर सतराव्या ‘रोड होल’साठी तरी जरूर करावा, असे मी सांगेन.

पार चारचा, म्हणजे चार फटक्यांत संपवणे अपेक्षित असलेला हा होल २०१० पासून ‘ओपन’ या मानाच्या गोल्फ स्पर्धेसाठी ४९५ यार्डांचा झाला आहे. आपल्यासारख्या हौशी खेळाडूंच्या टी (पहिला फटका मारण्याच्या जागा) पुढे असल्या तरी पेच तोच राहतो. जुन्या रेल्वे-शेडच्या धर्तीवर बांधलेली हॉटेलची शेड समोर आडवी येते आणि तिच्यावर रंगवलेल्या नावातले एखादे अक्षर धरून, फेअरवे (आखूड गवताची मधली वाट) न दिसताच, चेंडू तिच्यावरून मारावा लागतो. अक्षर जितके उजवीकडचे, तितका पुढचा फटका सोपा. पण हद्दीबाहेर जाण्याची भीतीही तितकीच मोठी. डावीकडे जागा आहे खरी, मात्र तिथून ध्वजाकडे पाहिले की वाटेत रोड बंकर हा वाळूचा खड्डा येतो.

खरी कसोटी दुसऱ्या फटक्याची. ग्रीन (ध्वजाभोवतीची अगदी आखूड गवताची जागा) अरुंद, तिरके आणि उंचावर. पुढे डाव्या अंगाला तो खोल बंकर, मागे रस्ता आणि त्यालगत दगडी भिंत. चेंडू रस्त्यावर गेला तर बिनदंड उचलण्याची सोय नाही, तिथूनच खेळावे लागते. १९८४ च्या ओपनमध्ये टॉम वॉटसनचा टू-आयर्न या लांब पल्ल्याच्या काठीचा फटका थेट भिंतीजवळ गेला आणि सेव्ह बायेस्तेरोसने विजेतेपद मिळवले. १९७८ मध्ये तर त्सुनेयुकी नाकाजिमा दोन फटक्यांत ग्रीनवर होता; पटरने (ग्रीनवर चेंडू घरंगळवण्याच्या काठीने) मारलेला चेंडू उतारावरून बंकरात घरंगळला आणि त्याच्या नावापुढे नऊ फटके लागले.

म्हणून आपल्यासारख्यांनी दुसरा फटका ग्रीनच्या अलीकडे, उजव्या अंगाला ठेवावा आणि तिथून पटरनेच चेंडू चढावर न्यावा. गवत इतके आखूड असते की चेंडू उंच उडवणारी वेज ही काठी काढण्याचे कारणच उरत नाही. ध्वज बंकराच्या मागे असेल, तर त्याच्याकडे न पाहता ग्रीनच्या पुढच्या भागात थांबावे आणि तिथून पटरचे दोन फटके धरावेत. बोगी, म्हणजे पारपेक्षा एक जास्त असे पाच फटके, येईल, क्वचित पारही पदरात पडेल. काठ्या वाहणाऱ्या आणि सल्ला देणाऱ्या कॅडीचे पैसे वेगळे पडतात. पण वाऱ्यानुसार कोणते अक्षर धरायचे, एवढे सांगण्यासाठीही ते मला महाग वाटत नाहीत.