पिल्लांना रात्र देणारी हीटिंग प्लेट

एक दिवसाची पिल्लं वाढवायला आम्ही आधी २५० वॅटचा लाल इन्फ्रारेड बल्बच वापरायचो. गेल्या काही तुकड्या मात्र हीटिंग प्लेटखाली वाढवल्या. त्यांतल्या पहिल्या पिल्लांच्या तलंगा (वयात येणाऱ्या तरुण कोंबड्या) होऊन त्या आता अंड्यावर आल्या आहेत, त्यामुळे पहिल्या आठवड्याबरोबर पुढचंही सांगता येईल. ज्यांच्या शेतावर घरापुरत्या आणि थोड्या विकण्यापुरत्या कोंबड्या असतात, एका वेळी पंधरा-वीस पिल्लं येतात, त्यांच्यासाठी हे लिहिते आहे. शेकड्यांनी पिल्लं घेणाऱ्यांना ही वस्तू पुरणार नाही.

वस्तू दिसायला अगदी साधी आहे. साधारण पाटाएवढा प्लॅस्टिकचा चौकोन, खालच्या बाजूला उबदार पृष्ठभाग, चार कोपऱ्यांना उंची बदलता येणारे चार पाय. प्लग लावला की थोड्या वेळात खालची बाजू गरम होते. पिल्लं तिच्याखाली शिरतात, पाठ टेकवून बसतात, ऊब मिळाली की बाहेर येऊन दाणा-पाणी करतात आणि गार वाटलं की पुन्हा आत जातात. बल्ब आजूबाजूची सगळी जागा तापवतो, त्यामुळे पिल्लाला उकडलं तर पळून जायला जागा ठेवावी लागते. प्लेट फक्त तिच्याखाली बसलेल्या पिल्लाला ऊब देते. खोलीची हवा ती जवळजवळ तापवत नाही, आणि तिचा गुण आणि मर्यादा दोन्ही यातच आहेत.

आमच्याकडे सासूबाईंनी जन्मभर खुडूक कोंबडीखालीच पिल्लं काढली. बल्बखालची पिल्लं रात्रभर टकटकीत जागी दिसायची तेव्हा त्या म्हणायच्या, "अगं, खुडूक कोंबडी काय दिवा लावून बसते का?" मला त्यांचं म्हणणं पटायचं, पण उष्णता हवी तर उजेड आलाच, असं तेव्हा धरून चालले होते. प्लेटमुळे या दोन गोष्टी वेगळ्या झाल्या. दिवसा खिडकीतून उजेड, रात्री अंधार, आणि ऊब चोवीस तास. संध्याकाळ झाली की पिल्लं आपणहून प्लेटखाली जातात, थोडी चिवचिव होते, मग शांत. सकाळी उजेडाबरोबर सगळी एकदम बाहेर. या वस्तूबद्दल मला मनापासून काही सांगायचं असेल तर ते हेच, की पिल्लांना रात्र मिळते.

त्याचा फायदा पुढे दिसला. पंख फुटून पिल्लं सहा आठवड्यांच्या आसपास मोठ्या खुराड्यात जातात. सतत उजेडात वाढलेल्या पिल्लांना पहिल्यांदा अंधार दिसला की ती घाबरतात, एका कोपऱ्यात एकमेकांवर चढतात आणि खालची गुदमरतात. मोठ्या पोल्ट्रीत सुरुवातीला दिवसाचे २३ तास उजेड ठेवतात तेव्हाही एक तास मुद्दाम अंधार करतात, त्याचं एक कारण हेच आहे, वीज गेली तर पिल्लं बिथरू नयेत. प्लेटखालच्या आमच्या पिल्लांनी खुराड्यातली पहिली रात्र अगदी सहज काढली. बल्बच्या काळात तेव्हा दर तासाला बॅटरी घेऊन जावं लागायचं.

एक गोष्ट मात्र लक्षात ठेवा. पहिले एक-दोन दिवस पिल्लांना दाणा-पाणी सापडायला पुरेसा उजेड हवाच. पिल्लू अंड्यातून बाहेर येताना बलक पोटात ओढून घेतं आणि त्यावर दोन-तीन दिवस तग धरू शकतं, म्हणून तर दूरवरून पाठवलेली पिल्लं जिवंत पोचतात. पण पोचल्यावर पाणी लवकर मिळायला हवं. आम्ही पहिल्या रात्री खोलीत एक लहानसा दिवा ठेवतो, प्रत्येक पिल्लाची चोच कोमट पाण्यात बुडवतो, मग त्याला हाताने प्लेटखाली सरकवतो. हे सरकवणं पहिल्या दिवशी पुन्हा पुन्हा करावं लागतं, कारण बल्बचा उजेड पिल्लाला लांबून दिसतो, प्लेटखालची ऊब दिसत नाही. दोन-चार पिल्लांना कळलं की बाकीची त्यांच्यामागे जातात.

उंचीबद्दल प्लेटसोबत आलेल्या पत्रकात एकच ओळ होती, पण सगळी मेख तिथेच आहे. पिल्लू उभं राहिलं की पाठ प्लेटला टेकली पाहिजे. जास्त वर ठेवलीत तर ऊब पोचत नाही, फार खाली ठेवलीत तर ती चेंगरून बसतात. आम्ही मागचे दोन पाय एक खाच खाली आणि पुढचे एक खाच वर ठेवतो. प्लेट तिरपी होते, लहान चणीची पिल्लं मागे जातात, दांडगी पुढे बसतात. ऱ्होड आयलंड रेड आणि लेगहॉर्न एकत्र आणली तेव्हा या तिरपेपणाचा फार उपयोग झाला. पुढे दर चार-पाच दिवसांनी उंची वाढवत जायचं. पायांच्या खाचा आमच्या प्लेटला घट्ट आहेत, तुसाची धूळ बसली की आणखी घट्ट होतात आणि ओढताना हात दुखतो. बनवणाऱ्यांनी इथे स्क्रू दिले असते तर बरं झालं असतं.

थर्मामीटरच्या बाबतीत सवय बदलावी लागते. बल्ब असेल तर पहिल्या आठवड्यात पिल्लांच्या पातळीवर ३२ ते ३५ अंश सेल्सिअस आणि पुढे दर आठवड्याला साधारण ३ अंश कमी, हा नेहमीचा हिशेब आहे. प्लेटच्या बाहेर तेवढं तापमान कधीच दिसणार नाही, आणि दिसायची गरजही नाही. इथे पिल्लांकडे बघायचं. बाहेर फिरून दाणे टिपतायत, मधूनच आत जाऊन बसतायत, आवाज मऊ आहे, तर सगळं ठीक. दिवसभर आतच बसून आहेत आणि मोठ्याने, एकसारखं ओरडतायत, तर खोली गार आहे किंवा प्लेट उंच झाली आहे. जन्मल्यापासून साधारण दोन आठवडे पिल्लाला आपल्या शरीराचं तापमान नीट सांभाळता येत नाही, म्हणून हे बघणं त्या काळात फार महत्त्वाचं.

आणि इथेच तिची मर्यादा येते. आमच्या पत्रकात स्पष्ट लिहिलं आहे की खोलीचं तापमान १० अंशांखाली जात असेल तर वापरू नका. उघड्या पडवीत, वारा लागतो अशा जागी, कडाक्याच्या थंडीत ही प्लेट एकटी पुरत नाही. पाठ गरम आणि बाकी सगळी हवा गार असेल तर पिल्लं बाहेर येऊन खायलाच मागत नाहीत, आणि न खाणारं पिल्लू दोन दिवसांत खंगतं. बंद, कोरडी, पण हवा खेळती असलेली खोली असेल तरच ही घ्या. तशी जागा नसेल तर बल्ब वापरावा लागेल, मग तो साखळीने टांगा, नुसत्या चिमट्यावर ठेवू नका. चिमटा सुटून बल्ब कोरड्या तुसात पडला की आग लागते, आणि खुराड्यांना लागणाऱ्या आगींचं हे नेहमीचं कारण आहे. शिवाय टेफ्लॉनचा लेप असलेले न फुटणारे बल्ब कोंबड्यांजवळ अजिबात नकोत. लेप तापला की त्यातून निघणारा वायू पक्ष्यांना मारतो. मला बल्ब सोडायला लावणारी पहिली गोष्ट आगीची भीतीच होती. रात्री डोळा लागायचा नाही.

विजेचा हिशेब सोपा आहे. २५० वॅटचा बल्ब चोवीस तासांत ६ युनिट घेतो. आमची प्लेट २० वॅटची आहे, ती दिवसाला अर्ध्या युनिटहूनही कमी घेते. पाच-सहा आठवडे धरले तर हा फरक बराच मोठा होतो. वीज गेली तर मात्र प्लेट लवकर गार होते. गरम पाण्याच्या बाटल्या जाड कापडात गुंडाळून तिच्याखाली सरकवल्या की पिल्लं त्यांना चिकटून बसतात. लहान इन्व्हर्टरवरही एवढा भार सहज चालतो, बल्बचं तसं नाही.

आता मला सगळ्यात जास्त खटकलेली गोष्ट. प्लेटखाली काय चाललंय ते दिसत नाही. बल्बखाली एका नजरेत सगळी पिल्लं मोजता येतात, इथे निम्मी आत असतात. अशक्त पिल्लू आत मागच्या कोपऱ्यात बसून राहिलं तर कळतच नाही. म्हणून सकाळ-संध्याकाळ प्लेट उचलून प्रत्येक पिल्लू हातात घ्यायचं, हा नियम आम्ही मोडत नाही. शेपटीखाली शी चिकटून वाट बंद झालेली असते, ती कोमट पाण्याच्या कापसाने भिजवून हळूच काढायची, ओढायची नाही. वेळेत लक्षात आलं नाही तर पिल्लू जातं. पाय फाकलेलं आहे का तेही तेव्हाच दिसतं. खाली गुळगुळीत वर्तमानपत्र असेल तर पाय फाकतात, म्हणून आम्ही तुसाची गादी किंवा पहिल्या दिवसांत खरखरीत कापड घालतो. हे हाताळणं रोज केल्यामुळे पिल्लं माणसाळतात, आणि मोठी झाल्यावर औषध पाजायला किंवा पाय तपासायला सहज हातात येतात. त्यामुळे या कामाचा आता जाच वाटत नाही, पण ज्याला दिवसातून दोनदा वेळ नाही त्याने प्लेट घेऊ नये असं माझं स्पष्ट मत आहे.

सफाईचं थोडक्यात सांगते. दुसऱ्या आठवड्यापासून पिल्लं उडी मारून प्लेटवर बसायला लागतात आणि वरचा भाग घाण होतो. वर शंकूसारखं झाकण मिळतं, ते जरूर घ्या, त्यावर ती टिकत नाहीत. धुताना प्लग काढून ओल्या फडक्याने पुसायचं, पाण्यात बुडवायचं नाही. वायर खालून गेली असेल तर टोचायला पिल्लं मागेपुढे बघत नाहीत, ती वरून घ्या.

प्लेटखालची गादी बल्बखालच्यासारखी वाळत नाही, हे मात्र नीट लक्षात घ्या. बल्बच्या उष्णतेने तूस आपोआप कोरडं राहायचं. इथे पाण्याच्या भांड्याभोवतीचा ओलावा तसाच राहतो, आणि ओल्या, उबदार गादीत कॉक्सिडिओसिस, म्हणजे रक्ती हगवण, वाढते. म्हणून पाण्याचं भांडं प्लेटपासून लांब, जाळीच्या चौकटीवर ठेवा आणि ओलं तूस रोज उचला. अमोनियाचा वास आपल्या नाकाला आला म्हणजे पिल्लांना तो केव्हाच त्रास द्यायला लागलेला असतो, कारण ती जमिनीलगत श्वास घेतात.

लसी, खाद्य यांचा प्लेटशी संबंध नाही, ते जसं आहे तसंच करायचं. मरेक्स रोगाची लस पहिल्याच दिवशी हॅचरीत (पिल्लं उबवतात तिथे) दिली आहे का ते विचारून घ्या, मानमोडी रोगाची लासोटा लस पहिल्या आठवड्यात, गंबोरो रोगाची साधारण दुसऱ्या आठवड्यात, बाकी तुमच्या पशुवैद्यांच्या सांगण्याप्रमाणे. सुरुवातीला २० टक्क्यांच्या आसपास प्रथिनं असलेलं चिक स्टार्टर, म्हणजे पिल्लांचं पहिलं खाद्य. लेअरचं, म्हणजे अंडी देणाऱ्या कोंबड्यांचं, खाद्य पिल्लांना देऊ नका, त्यातल्या साडेतीन-चार टक्के कॅल्शियमने त्यांची मूत्रपिंडं बिघडतात. ते अंड्यावर येताना सुरू करायचं, सोबत शिंपल्याचा चुरा वेगळ्या भांड्यात.

उजेडाबद्दल मात्र पुढेही लक्ष द्यावं लागतं. वाढत्या तलंगांना दिवसाचा उजेड वाढवत नेला तर अंगाने पक्क्या व्हायच्या आधीच त्या अंड्यावर येतात, अंडी लहान राहतात आणि अंडनलिका बाहेर येण्याचा धोका वाढतो. प्लेटखाली वाढलेल्या आमच्या तलंगांना पहिल्यापासून नैसर्गिक दिवस-रात्र होती, वरून दिवा कधीच नव्हता. त्या विसाव्या आठवड्याच्या पुढे अंड्यावर आल्या, तोवर अंगाने भरल्या होत्या, आणि अंडी पहिल्या काही आठवड्यांतच चांगल्या आकाराची मिळायला लागली. याचं सगळं श्रेय प्लेटला देणं बरोबर नाही, खाद्यही तेव्हा चांगलं होतं. अंडी सुरू झाल्यावर दिवस लहान असेल तर पहाटे दिवा लावून उजेड १४ ते १६ तासांपर्यंत न्यायचा. संध्याकाळी लावून एकदम बंद केलात तर कोंबड्या दांडीवर चढायच्या आतच अंधारात सापडतात.

घ्यायची असेल तर आकार एक पायरी मोठा घ्या. खोक्यावर लिहिलेला पिल्लांचा आकडा पहिल्या आठवड्याच्या पिल्लांचा असतो. वीस पिल्लांची म्हणून विकलेली प्लेट तिसऱ्या आठवड्यात बारा-तेरा पिल्लांनाच पुरते, बाकीची कडेला अर्धी बाहेर राहतात आणि एकमेकांना ढकलतात. पुढच्या तुकडीसाठी आम्ही दुसरी, मोठी प्लेट घेतो आहोत. जुनी ठेवणार आहोत, आजारी किंवा दुबळ्या पिल्लांना वेगळं ठेवायला तिचा आकार अगदी बरोबर आहे.