सांगलीत तीळ तपासून घेतला: आमच्या आईंच्या टाचेचा अनुभव

दिवाळीत सासूबाईंच्या पायाला तेल लावताना उजव्या टाचेवर मसुरीएवढा काळा डाग दिसला. "आई, हा कधीपासून?" म्हटलं, तर म्हणाल्या, "टाचंकडं कोन बघतंय बाई." तासगावजवळच्या आमच्या द्राक्षबागेत त्यांचं आयुष्य गेलं, तेही बहुतेक अनवाणी.

आधी एका लेसर सेंटरला गेलो. तिथे भिंगसुद्धा न लावता "आजच जाळून टाकू" म्हणाले. मी आईंना घेऊन उठले. जाळल्यावर तपासायला तुकडाच उरत नाही, मग तो तीळ होता की आणखी काही, हे कळणार कसं?

मग विश्रामबागेतलं त्वचाविकाराचं एक क्लिनिक गाठलं. त्याबद्दलच लिहितेय. डॉक्टरबाईंनी टाच पुसली, जेलचा थेंब टाकला आणि डर्मोस्कोप टेकवला. दिव्याचं भिंगच ते. स्क्रीनवर टाचेच्या रेषा एवढ्या मोठ्या दिसल्या की नांगरलेलं रान वाटावं.

"मावशी, शेत आहे ना तुमचं? मग तुम्हीच सांगा. ह्या सऱ्या, हे वरंबे. रंग कुठं साचलाय?"

आईंनी चष्मा सारखा केला. "सरीत. पाणी सोडल्यागत."

"बरोबर. वरंब्यावर चढला असता तर आजच तुकडा काढून तपासायला पाठवला असता."

तळवे, तळपाय आणि नखाखालचा मेलानोमा, म्हणजे रंगपेशींचा कर्करोग, आपल्याकडे ध्यानात ठेवायलाच हवा, आणि त्याला ऊन लागतंच असं नाही. हे मला तिथेच कळलं.

मी नववी-दहावीला विज्ञान शिकवते. पेशी विभागते कशी हे फळ्यावर काढते, पण थांबते कशी हे कधी सांगितलंच नव्हतं. म्हणून विचारलं, हा तीळ एवढ्यावरच का थांबला? बाहेर रांग असूनही बाईंनी दहा मिनिटं दिली, आणि या क्लिनिकला मी पैकीच्या पैकी गुण देते ते त्या दहा मिनिटांसाठी.

तीळ म्हणजे रंगपेशींचा पुंजका. बऱ्याच तिळांत बीआरएएफ जनुकात बिघाड असतो, आणि तोच बिघाड मेलानोमातही वरचेवर सापडतो. पेशी भराभर वाढू लागते, मग पी-१६सारखी प्रथिनं ब्रेक दाबतात. पेशी मरत नाही, पण पुढे विभागतही नाही. हे सेनेसन्स, म्हणजे पेशीचं म्हातारपण. माणसाच्या पेशी काचपात्रात ठरावीक वेळा विभागून थांबतात, हे हेफ्लिक आणि मूरहेड यांनी १९६१ मध्ये दाखवलं होतं. तिळातही असाच थांबा असतो, हे २००५ मध्ये पुढे आलं.

पण थांबलेली पेशी गप्प बसत नाही. ती दाह वाढवणारे पदार्थ सोडत राहते, आणि त्यातून शेजारच्या कर्करोगपेशींना बळ मिळू शकतं. म्हणून संशोधक दोन टप्प्यांचा उपचार शोधतायत: एका औषधाने कर्करोगपेशी थांबवायची, दुसऱ्याने थांबलेल्या पेशी वेचून मारायच्या. थांबवणारं पाल्बोसिक्लिब नावाचं औषध स्तनाच्या कर्करोगात दिलंही जातं. त्वचेच्या कर्करोगासाठी ही जोडी अजून प्रयोगातच आहे.

माझ्या पर्समध्ये क्वेर्सेटिनच्या कॅप्सूल होत्या. "म्हाताऱ्या पेशी साफ होतात" म्हणून एका नातेवाइकांनी दिलेल्या. बाईंनी पाकीट वाचलं आणि डागासाठी देऊ नका, असं सरळ सांगितलं. स्वतःचं क्रीमही खपवलं नाही.

उणिवाही सांगते. वेळ अकराची होती, नंबर आला पाऊण वाजता. क्लिनिक पहिल्या मजल्यावर, लिफ्ट नाही. गुडघे दुखणाऱ्या माणसाचे हाल होतात. डागाचा फोटो मागितल्यावरच मिळाला, आणि तुम्हीही मागाच, कारण पुढच्या वेळी तुलना त्याच्याशीच होते. तपासणीचे सहाशे रुपये घेतले.

जाताना मेंदी आणि नेलपॉलिश काढून जा, रंगामुळे खालचं नीट दिसत नाही. आणि फक्त जुना तीळ दाखवून परत येऊ नका: बहुतेक मेलानोमा नव्याच जागी उठतात. आईंना तीन महिन्यांनी परत बोलावलंय. तोवर दर रविवारी अंघोळीनंतर मी दोन्ही तळपाय आणि बोटांच्या बेचक्या बघते. आता त्या स्वतःच पाय पुढे करतात आणि विचारतात, "सरीतच हाय न्हवं?"