फोंड्यातली लॅब: मलेरियाची स्मियर करायची तर इथंच

फोंड्यात मलेरियाची टेस्ट करायची असेल तर बिनधास्त या लॅबमध्ये जा आणि नुसतं कार्ड (झटपट रिझल्ट देणारी टेस्ट) नको, स्मियरपण (काचेवर रक्त पसरून मायक्रोस्कोपखाली बघायची टेस्ट) करा म्हणून सांगा. पावसात ताप आला की आपल्याकडे कार्ड टेस्ट करून मोकळे होतात. कार्ड वाईट नाही, पण ते पॉझिटिव्ह की निगेटिव्ह आणि मलेरियाच्या दोन जातींपैकी वायवॅक्स की फाल्सिपेरम एवढंच सांगतं. रक्तात पॅरासाइट किती आहेत, कुठल्या स्टेजला आहेत ते कार्डाला कळत नाही, शिवाय फाल्सिपेरमचं कार्ड ज्या प्रोटीनवर चालतं ते पेशंट बरा झाल्यावरसुद्धा बरेच दिवस रक्तात राहतं, मग औषध लागू पडलं की नाही हे कळणार कसं?

भाचा पर्वरीला बिल्डिंगच्या साइटवर असतो, एक दिवसाआड हुडहुडी भरून ताप यायला लागला म्हणून त्याला इथं आणलं. रक्त काढणारी मुलगी हाताने हलकी. थिक आणि थिन, म्हणजे रक्ताचा जाड आणि पातळ थर, दोन्ही स्मियर केल्या, रिपोर्टवर वायवॅक्स, सोबत पॅरासाइटची संख्या आणि स्टेजेस. मी बारावीला बायो शिकवते हे कळल्यावर डॉक्टरबाई म्हणाल्या, "या टीचर, आत या, बघून घ्या," आणि स्वतःची खुर्ची मला दिली.

एका फुगलेल्या लाल पेशीत जांभळ्या ठिपक्यांचा घोस होता, फणसात गरे असावेत तसा. हा शायझाँट, म्हणजे आतल्या आत एकाचे अनेक होत असलेला पॅरासाइट. आपल्या पेशीचं कसं, क्रोमोझोमची कॉपी होते, न्यूक्लियसचं आवरण विरघळतं, स्पिंडल म्हणजे धाग्यांची जुळणी ते दोन्हीकडे ओढते आणि एकाच्या दोन पेशी होतात. हा पॅरासाइट तसं करतच नाही. त्याच्या न्यूक्लियसचं आवरण शाबूत राहतं, स्पिंडल आतच तयार होतं, क्रोमोझोम आतल्या आत वेगळे होतात आणि पेशी न कापताच पुन्हा पुढचं डिव्हिजन सुरू. त्यातही सगळे न्यूक्लियस एकत्र चालत नाहीत, फाल्सिपेरममध्ये तर बघितलंय की एकाच पेशीत शेजारीशेजारी असलेल्या दोन न्यूक्लियसपैकी एकाची डीएनए कॉपी चालू असते आणि दुसरा थांबलेला असतो. क्रोमोझोम 14 आहेत, पण ते आपल्यासारखे नीट जाड होत नाहीत म्हणून मायक्रोस्कोपखाली मोजताच येत नाहीत, जेलवर डीएनए वेगळा करूनच तो आकडा कळला. आणि सगळ्यात शेवटी एकदम पेशी कापली जाते, वायवॅक्समध्ये साधारण 12 ते 24 मेरोझोइट, म्हणजे नवे छोटे पॅरासाइट, बाहेर पडतात आणि नव्या लाल पेशींत शिरतात. हे चक्र 48 तासांचं, म्हणून ताप एक दिवसाआड. पेशी फुटणं आणि ताप चढणं यांचा संबंध इटालियन शास्त्रज्ञ गोल्जींनी 1880 च्या दशकातच लावला होता, मी तो इतकी वर्षं फळ्यावर लिहीत आले पण ज्याला ताप आहे त्याच्याच रक्तात तो बघणं वेगळंच.

डॉक्टरबाईंनी दुसरीकडे एक गॅमेटोसाइट (पॅरासाइटची डासात जाऊन नर-मादी गॅमेट बनवणारी स्टेज) दाखवला आणि भाच्याला सांगितलं, ताप उतरला तरी मच्छरदाणीतच झोप. कारण हे रक्त डासाच्या पोटात गेलं की गारवा आणि तिथल्या एका केमिकलमुळे नर गॅमेटोसाइट जागा होतो, दहा-पंधरा मिनिटांत डीएनए तीनदा डबल करून शेपटीवाले 8 नर गॅमेट सोडतो. दहा-पंधरा मिनिटांत! आणि साइटवर पाणी साठवलेल्या टाक्या असतात, तिथं मलेरिया पसरवणारे स्टीफेन्सी जातीचे डास आरामात वाढतात, म्हणजे एकाचा ताप सगळ्या लेबर कॅम्पला.

प्रायमाक्विनच्या गोळ्यांआधी जी6पीडी (लाल पेशींतलं एन्झाइम, ते कमी असलं तर या गोळ्यांनी पेशी फुटतात) बघायला हवं, हे त्यांनी आपणहून आमच्या डॉक्टरांना फोन करून सांगितलं, ती टेस्टपण केली. लिव्हरमध्ये लपलेले वायवॅक्सचे पॅरासाइट घालवायलाच त्या 14 दिवसांच्या गोळ्या असतात, आणि कोर्स अर्धा सोडणारे किती बघितलेत मी. औषध सुरू झाल्यावर परत स्मियर केली तेव्हा आकडा घसरलेला स्पष्ट दिसला, घरच्यांना तेव्हा कुठे धीर आला.

आता अडचणी. पार्किंग अजिबात नाही, मार्केटच्या दिवशी तर स्कूटरपण लावता येत नाही. जिना अरुंद, म्हाताऱ्या माणसाला धरून न्यावं लागेल. स्मियरचा रिपोर्ट संध्याकाळीच मिळतो, घाई केली तर ऐकून घेत नाहीत, आणि ते बरोबरच आहे कारण थिक स्मियर नीट बघायला वेळ लागतोच. सकाळी लवकर जा, औषधाचा पहिला डोस घ्यायच्या आधी रक्त द्या आणि रिपोर्ट घेताना स्टेजेस लिहिल्यात ना तेवढं बघून घ्या.