शाहू स्मारकमधलं जुन्या वस्तूंचं चित्रप्रदर्शन

कोल्हापुरात दसरा चौकात काम होतं, म्हणून सहज शाहू स्मारकच्या कलादालनात डोकावलो. एका तरुण चित्रकाराची जलरंगातली चित्रं, विषय एकच: घरातनं हद्दपार झालेल्या वस्तू. मर्फीचा रेडिओ, चावीचं एचएमटी, पत्र्याची ट्रंक. असली चित्रं आता कॅफेच्या भिंतीवर पण असतात, त्यामुळं फार अपेक्षा नव्हती.

पण तांब्याच्या बंबाचं चित्र बघाच. तोटीखाली साचलेला हिरवा कळंक, मधल्या नळीला धरलेली काजळी आणि खाली अर्धवट जळालेली उसाची चिपाडं. बंब चिंचेनं घासून चकचकीत दाखवायचा मोह पोरानं टाळलाय. पाण्याचा ओघळ तर रंगवलेलाच नाही, तिथं कागद कोरा सोडलाय. जलरंगात एकदा झाकलेला पांढरा सहसा परत मिळत नाही, त्यामुळं हे आधीच ठरवावं लागतं. आबालाल रहिमानांसारख्या जुन्या, नामवंत चित्रकाराच्या गावात जलरंग मांडायचे म्हणजे छाती पाहिजे!

रेडिओ मात्र फसलाय. सगळ्यावर तपकिरी हात फिरवला की झालं जुनं, ही पळवाट झाली. शिवाय फ्रेमच्या काचेत चित्राआधी आपलंच तोंड दिसतं.

मोठी चित्रं माझ्या खिशाला झेपणारी नव्हती. दाराजवळच्या टेबलावर पोस्टकार्डाएवढी स्केचेस आहेत, त्यातलं अडकित्त्याचं मी उचललं. तुम्ही गेलात तर घासाघीस तेवढी करू नका, पोरगं लाजून लगेच किंमत कमी करतंय.